मालवण : जलदुर्गाचे दर्शन आणि मालवणी भोजन – एक विवेचन

प्रास्ताविक

डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत राज्याच्या निरनिराळ्या भागांतील महाविद्यालयांच्या अभ्याससहली मोठ्या संख्येने मालवणला येतात. सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी सुरमईचे ताट, सायंकाळी तारकर्लीचा किनारा आणि परतीच्या वाटेवर खाजे, काजू व कोकम यांची खरेदी असा त्यांचा क्रम जवळजवळ ठरून गेलेला आहे. सहलीच्या अहवालात किल्ल्याचे सविस्तर वर्णन येते. भोजनाचा उल्लेख झालाच तर तो ‘रुचकर’ या एका विशेषणात आटोपतो. किल्ला हा अभ्यासाचा विषय आणि जेवण ही केवळ सोय, अशी ही विभागणी आहे. मालवणच्या बाबतीत ती टिकणारी नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्या समुद्राने, ज्या खडकांनी आणि ज्या दर्यावर्दी माणसांनी हा जलदुर्ग शक्य केला, त्यांनीच येथील ताटही घडविले. किल्ल्याच्या तटाला निदान संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. ताटामागील ज्ञानाला तसा कोणताही आधार नाही, आणि पर्यटकाच्या मागणीचा भार आज प्रामुख्याने त्यावरच पडत आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला किल्ल्याचेच नाव मिळाले. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत याच जिल्ह्यातील सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या दोहोंचा समावेश आहे. येणाऱ्यांची संख्या यापुढे वाढणार हे उघड आहे. ते येऊन काय पाहणार आणि काय मागणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दुर्ग आणि त्याची माणसे

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या दुर्गाची पायाभरणी केली. किनाऱ्यावरील ‘मोरयाचा दगड’ हे त्या प्रसंगीच्या पूजनाचे स्थान म्हणून आजही दाखविले जाते; मात्र बहुतेक सहली तेथे थांबत नाहीत. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत काम पूर्ण झाले. पायाचे दगड शिशाच्या रसाने सांधण्यात आले. सुमारे ४८ एकरांचे क्षेत्र वेढणारा हा तट जवळपास तीन किलोमीटर लांबीचा असून तो बेटाच्या कडेकडेने नागमोडी वळणे घेत जातो. प्रवेशद्वार तटाच्या वळणात असे दडविलेले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. आत राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे जतन केलेले आहेत आणि पिढ्यानपिढ्या राहणारी काही कुटुंबेही आहेत.

विद्यार्थ्यांना सर्वाधिक आश्चर्य वाटते ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचे. वास्तविक हा चमत्कार नाही. बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरून, वजनाला हलके असल्यामुळे, खाऱ्या पाण्यावर थरासारखे साठून राहते. उपसा मर्यादेत असेल तोवरच हा थर टिकतो. गोड्या पाण्याची अशी काटकसर करणे ही या किनाऱ्यावरील जगण्याची पहिली अट होती. तिचा धागा पुढे स्वयंपाकघरापर्यंत जातो.

किल्ल्याच्या इतिहासातील नंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. कोल्हापूरकर छत्रपतींच्या ताब्यात असताना १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला व त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. हे नाव टिकले नाही. किल्ला लवकरच परत देण्यात आला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे साहाय्यक दुर्ग. राजकोट येथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि मे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. खाऱ्या वाऱ्यात काय टिकते आणि काय टिकत नाही, हा प्रश्न स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना विचारण्यासाठी मालवणइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

परंतु तटापेक्षाही या दुर्गाचे खरे संरक्षण त्याभोवतीच्या पाण्यात दडलेल्या खडकांनी केले. ते खडक कोठे आहेत, ओहोटीला कोणती वाट बंद होते आणि वारा फिरला की तांडेल होडी कशी वळवतो, याचे ज्ञान गाबीत, भंडारी अशा किनाऱ्यावरील समाजांकडे होते. मराठ्यांच्या आरमाराला खलाशी मिळाले ते याच घरांतून. हेच ज्ञान मासेमारीचेही ज्ञान होय. खडकाळ तळाशी कोणता मासा असतो आणि वाळूच्या तळाशी कोणता, हे ज्याला माहीत आहे त्यालाच किल्ल्याची वाटही माहीत असते. आज पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्या होडीच्या सुकाणूवर बहुधा अशाच एखाद्या घरातील माणूस बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला नेहमी खटकत आली आहे.

ताटाचा भूगोल

‘मालवणी जेवण’ हा शब्दप्रयोग मालवणात जन्मला नसावा. घरात कोणीही आपल्या रोजच्या जेवणाला असे नाव देत नाही. गिरणगावात कामासाठी गेलेल्या कोकणी माणसांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले (प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ हे अशाच स्त्रियांचे संघटन होते) आणि या खानावळींतून तळकोकणची चव मुंबईला परिचित झाली. पुढे १९८० पासून ‘वस्त्रहरण’ नाटकाने मालवणी बोलीला राज्यभर प्रेक्षक मिळवून दिला. बोलीबरोबर चवीलाही नाव आणि प्रतिष्ठा मिळाली. हा लाभ मोठा होता. मात्र त्याबरोबर एक सपाटीकरणही आले. सारस्वतांच्या घरातील कांदा-लसूण नसलेली, तिरफळ घातलेली आमटी, गाबीत घरातील ताज्या मासळीचे साधे कालवण, मराठा घरातील सणाचे कोंबडी-वडे, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांची आपापली पद्धत, हे सर्व एकाच ‘मालवणी’ पाटीखाली आले आणि लाल तिखट रश्शाला त्याचे प्रतिनिधित्व मिळाले.

या ताटाचा पाया उकड्या तांदळाचा आहे. भात सालीसकट उकडून मग वाळवून भरडला की त्याचा दाणा फुटत नाही, दमट हवेत तो टिकतो आणि त्याची पेज दीर्घकाळ पोटाला आधार देते. पहाटे समुद्रावर जाणाऱ्याला आणि शेतावर राबणाऱ्याला तीच न्याहारी. दुसरा आधार नारळाचा. आमटीला दाटपणा, सोलकढीला रस, शिरवाळ्यांना गोडी आणि तळणीला तेल असा चारही बाजूंनी तो उपयोगी पडतो. तिसरा आधार आंबटपणाचा, आणि तो येथे चिंचेपेक्षा कोकमाकडून अधिक येतो. एप्रिल-मे महिन्यांत पिकलेली फळे फोडून, सालींना रसाची पुटे देत उन्हात वाळवली की आमसुले तयार होतात. मीठ घालून साठविलेल्या रसाला आगळ म्हणतात. पहिला पाऊस येण्यापूर्वी हे काम उरकावे लागते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुष्कळ पाहुणे सोलकढीला ‘जेवणानंतरचे पेय’ समजून शेवटी घोटाघोटाने पितात. घरोघरी मात्र ती भातावरही ओतून घेतली जाते.

तिरफळाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण उपाहारगृहांच्या ताटातून ते वेगाने नाहीसे होत आहे. हे काटेरी झाडाचे छोटे फळ. त्याची बी टाकून देतात आणि साल ठेचून वा अख्खी आमटीत घालतात. जिभेला किंचित बधिर करणारा त्याचा तीव्र गंध बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांशी उत्तम जुळतो. अनोळखी पर्यटकाला हा गंध ‘औषधासारखा’ वाटतो, तो ताट परत पाठवतो, आणि पुढील वेळी स्वयंपाकी ते घालतच नाही. एक पदार्थ असाच, कोणाच्याही लक्षात न येता, आपली ओळख गमावतो.

आणि मिरची? लाल तिखटावाचून ज्या जेवणाची कल्पना करता येत नाही, ती मिरची या किनाऱ्याची नव्हे. तिचे मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेत. काजू ब्राझीलचा. त्याचे नावही तेथील आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आले. बटाटा अँडीज पर्वतातला, आणि मराठीने त्याचे पोर्तुगीज नाव जवळजवळ तसेच ठेवले. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतर या वस्तू हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर रुजल्या. त्यापूर्वीच्या मासळीच्या आमटीला तिखटपणा मिरीचा असला पाहिजे. फाल्गुन-चैत्रातील ओल्या काजूगरांची उसळ ही आज अस्सल मालवणी मानली जाते आणि ते योग्यच आहे, कारण अस्सलपणा हा उगमावर नव्हे तर रुजण्यावर ठरतो.

कुस्कोशी तुलना

मिरची-बटाट्याच्या या वाटेने मागे गेल्यास आपण पेरूमधील कुस्को या नगरापाशी पोहोचतो. ऐतिहासिक नगर पाहणे आणि तेथील अन्न चाखणे या दोन गोष्टी एकत्र अभ्यासण्यासाठी ते उपयुक्त उदाहरण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील ही इंका साम्राज्याची राजधानी १५३३ मध्ये स्पॅनिशांच्या हाती गेली. इंकांच्या कोरिकांचा या मंदिराच्या भिंतींवर त्यांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली. चुन्यावाचून सांधलेल्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये हे नगर जागतिक वारसा यादीत आले. मालवणपेक्षा चार दशके आधी.

तेथील सान पेद्रो बाजारात बटाट्याच्या असंख्य जाती विकावयास असतात. उंच पठारावरील शेतकरी गोठविणाऱ्या रात्री आणि कडक उन्हाचे दिवस यांचा उपयोग करून बटाट्यातील पाणी काढून टाकतात. असा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. मालवणच्या किनाऱ्यावर मीठ आणि ऊन जे काम बांगड्याच्या बाबतीत करतात तेच काम तेथे थंडी आणि ऊन करतात. दोन्ही ठिकाणी टिकविण्याची कला हीच अन्नसंस्कृतीचा कणा आहे. याच भागातील पिसाक येथे स्थानिक समुदायांनी ‘बटाटा उद्यान’ स्थापून शेकडो पारंपरिक जातींची लागवड चालू ठेवली असून तेथे येणाऱ्या पाहुण्याला त्या जातींची ओळख करून दिली जाते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. किन्वा या धान्याला श्रीमंत देशांतून मागणी वाढली तेव्हा २०१३ च्या सुमारास त्याचे भाव चढले आणि शेतकऱ्याने कोणते वाण पेरावे हे दूरच्या ग्राहकाची आवड ठरवू लागली. पाहुणा जे मागतो तेच टिकते, हा त्यातील धोका आहे.

ऋतू आणि मागणी

मालवणात हा धोका सुरमई, पापलेट आणि कोळंबी या तीन नावांत सामावलेला आहे. किनाऱ्यावरील घरांत वर्षभरात जे मासे शिजतात त्यांची यादी बरीच लांब आहे: पेडवे, तारल्या, बांगडे, सौंदाळे, लेपा, मुडदुशा, कर्ली, शिवाय खाडीतील तिसऱ्या, कालवे आणि कुर्ल्या. यांपैकी कर्लीसारखा मासा चवीला उत्कृष्ट, पण काट्यांनी भरलेला; तो उपाहारगृहात चालत नाही, कारण काटे काढण्याची सवय पाहुण्याला नसते. मोठा, कमी काट्यांचा, तळून देखणा दिसणारा तुकडा त्याला हवा असतो. परिणामी छोट्या होडीतून आलेल्या मिश्र मासळीला ताटात जागा मिळत नाही आणि तिचा भाव पडतो.

त्यातच ही मागणी ऋतू जाणत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, कारण तो पुष्कळ माशांच्या प्रजननाचा काळ आहे. पावसाळ्यात किल्ल्याची होडीही बंद राहते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, बाजारपेठेत नारळ लढविण्याच्या स्पर्धा रंगतात आणि मग पारंपरिक हंगाम सुरू होतो. मधल्या काळाची सोय घरोघरी आधीच झालेली असते. सुके बांगडे, गोलमा, कुळथाचे पीठ, फणसाच्या आठळ्या हा साठा, आणि पावसाबरोबर उगवणारी टाकळा, फोडशी यांसारखी रानभाजी. पहिल्या पावसात ओहोळांतून वर चढणारे ‘चढणीचे मासे’ हा याच दिवसांतील मोह. अंडी घालण्यासाठी निघालेल्या माशांना धरणे योग्य नव्हे, असे येथील जाणते लोकही आता सांगू लागले आहेत.

काही वर्षांपूर्वी परीक्षा लांबल्यामुळे आमची सहल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली. किल्ला लांबूनच पाहावा लागला. दुपारी एका उपाहारगृहात ‘ताजी सुरमई’ अशी पाटी होती. किनाऱ्यावर सगळ्या नौका ओढून वर घेतलेल्या एका विद्यार्थ्याने सकाळीच पाहिल्या होत्या. त्याने साधा प्रश्न विचारला, “सर, मग ही आली कुठून?” वाढणाऱ्याने हसून उत्तर टाळले, ती बर्फातली होती हे पहिल्या घासातच कळले. त्याच रात्री आम्ही न्याहारी-निवास पद्धतीच्या एका घरी उतरलो होतो. “आज काय ताजा गावाचा नाय, घरातला असा ताच खावा,” असे म्हणत तेथील काकींनी पेज, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि कुळथाची पिठी वाढली. सहलीच्या अहवालात विद्यार्थ्यांनी सर्वाधिक लिहिले ते या जेवणाविषयी. शाकाहारी विद्यार्थ्यांनाही त्या घरात प्रथमच काही वेगळे मिळाले, एरवी त्यांच्या वाट्याला मालवणातही पनीरच येते. वस्तुतः काजूची उसळ, खतखते, घावणे, आंबोळी, रसातले शिरवाळे, काकडीचे धोंडास अशी या भागाची शाकाहारी परंपराही समृद्ध आहे. ती मागितल्यावाचून मिळत नाही एवढेच.

समुद्रावरील संघर्षाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. रापण ही येथील जुनी सामुदायिक पद्धत. किनाऱ्याजवळ माशांचा थवा आला की होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोकांनी अनेकांनी मिळून ते ओढायचे आणि मिळकतीची वाटणी ठरलेल्या हिश्शांनी करायची. मोठ्या पर्ससीन नौका थवेच्या थवे किनाऱ्यापासून दूरच उचलू लागल्यावर रापणीला मासा येईनासा झाला, ही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. त्यांच्या आंदोलनांनंतर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी आणली. अंमलबजावणीचा वाद शमलेला नाही. ताटातील सुरमई कोणत्या जाळ्यातून आली हे पाहुण्याला कळण्याचा कोणताही मार्ग आज नाही. निदान विचारण्याचा मार्ग आहे.

किल्ल्याभोवतीचे पाणी हे १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे, याचीही माहिती फार थोड्या पर्यटकांना असते. २९.१२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात प्रवाळ आहेत आणि ते पाहण्यासाठीच समुद्रतळाशी बुडी मारण्याचा खेळ येथे लोकप्रिय झाला. त्याच प्रवाळांवर पाय ठेवून छायाचित्रे काढली जातात. अभयारण्याच्या घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला होता. आपली वहिवाट जाईल ही त्यांची भीती निराधार नव्हती. संरक्षण आणि उपजीविका यांच्यातील हा पेच पर्यावरण विषयाच्या पाठ्यपुस्तकांतील कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक जिवंत आहे.

अभ्याससहलीची आखणी

मालवणला एका दिवसाची सहल नेणे टाळावे. दोन रात्री मिळाल्या तर एक रात्र घरगुती निवासात काढता येते आणि तेथे काय शिजवावे हे त्या घरावर सोडावे; आधी दूरध्वनीवर सुरमई ठरवू नये. किल्ला पाहताना वाटाड्याबरोबरच होडीच्या तांडेलालाही दहा मिनिटे बोलू द्यावे. त्याला खडकांची नावे पाठ असतात आणि ती कोणत्याही माहितीफलकावर लिहिलेली नाहीत. किनाऱ्यावर परतल्यावर मोरयाच्या दगडापाशी थांबावे. होड्या लागल्या की धक्क्याजवळ मासळीचा लिलाव होतो. बोली इतकी वेगाने चालते की पहिल्या दिवशी काहीच उमगत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. विद्यार्थ्यांच्या वहीत चार रकाने पुरतात: माशाचे मालवणी नाव, तो कोणत्या जाळ्यात आला, टोपलीला काय भाव मिळाला आणि तो घरी कसा शिजतो. शेवटच्या रकान्यासाठी लिलावात बसलेल्या बायकांनाच विचारावे. त्या प्रथम हसतील, मग तिरफळ घालायचे की नाही यावरून आपापसांत वाद घालतील, आणि तो वाद शब्दशः टिपून घ्यावा.